सायकल रस्त्यावर चालवावी की फूटपाथवर?

जळगावात नव्याने राहायला आल्यावर तुम्ही सायकलने कार्यालयात जाऊ लागला आहात, पण मागून येणाऱ्या गाड्यांची धास्ती वाटते, म्हणून फूटपाथवरून सायकल चालवली तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते चालणार नाही. सायकल रस्त्यावरूनच चालवावी आणि फूटपाथवर जाणे भागच पडले तर उतरून ती हातात धरून न्यावी. मी गेली अकरा वर्षे पिंप्राळ्याहून नवीपेठेत सायकलने जातो, आणि पहिल्या वर्षी मीही भीतीपोटी फूटपाथच धरला होता.

आधी कायद्याचे सांगतो. सायकलला परवाना लागत नाही आणि ती मोटार वाहन कायद्यातील ‘मोटार वाहन’ या व्याख्येत बसत नाही, म्हणून ती कुठूनही चालवता येते असा अनेकांचा समज असतो. परंतु 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात ‘वाहन’ या शब्दात सायकलही धरलेली आहे, आणि त्याच अधिनियमाच्या कलम 103 नुसार पादचारी मार्गावर बाबागाडीखेरीज कोणतेही वाहन चालवण्यास किंवा ठेवून जाण्यासही मनाई आहे. या कलमाचे प्रत्यक्षात काय होते ते फुले मार्केटच्या बाजूने एक फेरी मारलीत की दिसेल. तिथल्या फूटपाथवर मोटारसायकली, हातगाड्या, दुकानांच्या पाट्या असे सर्व काही सापडते, बाबागाडी तेवढी मी अजून पाहिलेली नाही.

माझी सवय मात्र कायद्याने सुटली नाही. एका संध्याकाळी फूटपाथवरून जाताना माझ्या हँडलचे टोक पुढे चालणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांच्या पिशवीच्या बंदात अडकले, पिशवी उलटली आणि मेथीच्या दोन जुड्या गटारीच्या जाळीवर पडल्या. ते रागावले नाहीत. जुड्या उचलून झटकत एवढेच म्हणाले, “भाऊ, आठे तरी आमले चालू दे.” म्हणजे, इथे तरी आम्हाला चालू दे. रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फूटपाथची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर असावी लागते. आपल्याकडे तेवढी क्वचितच उरते, आणि सायकलचे हँडल एकटेच साठेक सेंटिमीटर जागा घेते. चालणारा माणूस ताशी चार-पाच किलोमीटर वेगाने, कसलीही सूचना न देता, कोणत्याही बाजूला वळत असतो. त्याच्या मागून तिप्पट वेगाने येणारी सायकल त्याला ऐकूही येत नाही.

स्वतःच्या सुरक्षिततेचा विचार केला तरी फूटपाथ फसवाच ठरतो. त्यानंतर काही महिन्यांनी एका दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडणारी मोटार माझ्या पुढच्या चाकाला लागली. चालकाची चूक होतीच, पण त्याची नजर रस्त्यावरच्या गाड्यांकडे होती आणि फूटपाथवरून ताशी पंधराच्या वेगाने कोणी येईल हे त्याच्या मनातही नव्हते. सायकलस्वाराला वाचवते ते त्याचे दिसणे, आणि फूटपाथवर आपण नेमके दिसेनासे होतो.

रस्त्यावर चालवताना डावी बाजू धरावी, मात्र डांबराच्या अगदी काठाला चिकटू नये. खानदेशातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे साइडपट्टी खचून डांबराच्या काठाशी वीतभर उंचीची पायरी तयार होते. तिच्यावरून चाक घसरले की सायकलस्वार बाहेर न पडता आत, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीसमोर पडण्याची शक्यता अधिक. काठापासून दोन-अडीच फूट आत सरळ रेषेत चालावे. उभ्या मोटारींपासूनही तेवढेच अंतर ठेवावे, कारण दार केव्हा उघडेल ते सांगता येत नाही.

विरुद्ध दिशेने चालवल्यास समोरची गाडी दिसते म्हणून ते सुरक्षित, असे काही जण सांगतात. ताशी पन्नासने येणारा ट्रक आणि ताशी पंधराने जाणारी सायकल एकाच दिशेने असतील तर दोघांच्या वेगातला फरक पस्तीस असतो. समोरासमोर असतील तर दोन्ही वेग मिळून पासष्ट होतात. चालकाला विचार करायला मिळणारा वेळ त्या हिशेबाने जवळजवळ निम्मा होतो.

ट्रकच्या बाबतीत एक गोष्ट विशेष जपावी. चालक ज्याला क्लीनर साइड म्हणतात ती डावी बाजू त्यांना उंच केबिनमधून पुरेशी दिसत नाही. सिग्नलला उभ्या असलेल्या ट्रकच्या डावीकडून पुढे घुसू नये. तो डावीकडे वळला तर मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की आणखी सावध राहावे, कारण त्यांचा माल दोन्ही अंगांनी फुगून बाहेर आलेला असतो आणि आपल्याला मोकळी वाटलेली जागा प्रत्यक्षात मोकळी नसते.

लहान मुलांच्या बाबतीत मी एवढा कडक नाही. जपानमध्ये तेरा वर्षांखालील मुलांना आणि सत्तरी गाठलेल्यांना पदपथावरून सायकल चालवण्याची मुभा आहे, आणि ती मला योग्य वाटते. पण राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर शाळेत जाणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींच्या गावी बहुधा फूटपाथच नसतो; त्यांना ‘बाजूने जा’ असे सांगणे म्हणजे खचलेल्या साइडपट्टीवर ढकलणे होय. तिथे वेग कमी करून, हातभर तरी अंतर सोडून पुढे जाणे हे गाडीवाल्याचे काम आहे.

राहता राहिला शहरातून जाणारा महामार्ग. समांतर रस्ता असेल तिथे तोच धरावा, वळसा पडला तरी. अजिंठा चौफुलीवर मी आजही उतरतो, सायकल हातात घेऊन पायी चालणाऱ्यांच्या घोळक्याबरोबर पलीकडे जातो आणि तिथे पुन्हा बसतो. त्यात माझी चार-पाच मिनिटे जातात.