बाबांचा फंड आणि सिनेमाची डिग्री

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यात राहते, बीएस्सी नुकतंच झालं. कॉलेजात असल्यापासून गावातल्या एका फोटोग्राफरदादांकडे लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. गणपती मंडळाचा व्हिडिओही रात्र रात्र जागून मीच करते. मला दिग्दर्शक व्हायचंय. मुंबईत एका खासगी संस्थेत फिल्ममेकिंगची तीन वर्षांची डिग्री आहे, एकूण फी १५ लाख. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असं ते सांगतात. बाबा एसटीत कंडक्टर होते, मार्चमध्ये रिटायर झाले. ते म्हणतात, फंडातले ८ लाख घे, बाकीचं कर्ज काढू, पण नोकरी लागेल ना? मी ‘हो’ म्हणून बसलेय आणि तेव्हापासून झोप उडालीय. लागेल का नोकरी?

उत्तर : नाही गं. बाबांच्या मनात आहे तसली नोकरी या डिग्रीने लागत नाही. एक तारखेला पगार, हक्काची रजा आणि शेवटी फंड, असं या धंद्यात फार थोड्यांच्या वाट्याला येतं. काम मात्र मिळतं, पण ते येतं आणि संपतं. सिनेमा पुरा झाला की युनिट पांगतं. चॅनलने मालिका गुंडाळली की सेटवरची सगळी माणसं मोकळी. पैसे वेळेवर येतील हेही नाही. मालिकांच्या दुनियेत नव्वद दिवसांनी पेमेंट ही जुनी रड आहे. म्हणजे जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे सप्टेंबरच्या अखेरीस हातात, आणि तोवर खोलीचं भाडं, डबा, लोकलचा पास कुणीतरी भरायचा.

आता हिशेब. ७ लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढलंस तर हप्ता महिना सव्वानऊ हजारांच्या घरात जातो. शिकत असतानाचं व्याज यात धरलेलं नाही, ते वर चढतंच. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. नेमका हाच काळ नवख्या माणसाने मिळेल ते काम, मिळेल त्या पैशात करायचा असतो. डोक्यावर हप्ता असला की माणूस चांगलं काम सोडून आधी पैसे देणारं काम धरतो. मग एवढं महाग शिक्षण घेतलं कशाला?

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हे शब्द ऐकले की मी आधी पर्स सांभाळते. संस्थेला यंदाच्या बॅचबद्दल विचारू नकोस, तीन वर्षांपूर्वीच्या बॅचबद्दल विचार. त्यातल्या पाचजणांशी स्वतः बोल, आणि ते पाचजण संस्थेने निवडून दिलेले नकोत. गेल्या महिन्यात काय काम केलं, पैसे किती ठरले, त्यातले हातात किती आले, एवढंच विचार. बिनपगारी इंटर्नशिपलाही प्लेसमेंट म्हणणारे आहेत.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मात्र मला राहून राहून खुपली. दिग्दर्शक व्हायचंय हे एका वाक्यात उरकलंस आणि लिहिलंस सगळं एडिटिंगबद्दल. रात्र रात्र जागतेस ती एडिटिंगसाठीच. दिग्दर्शनाची आवड खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण त्या पदाला शिडी नसते, कुणीतरी पैसे लावले की माणूस दिग्दर्शक होतो. एडिटिंगला शिडी आहे. आधी असिस्टंट, मग असोसिएट, मग एडिटर. रशेस म्हणजे शूट झालेलं कच्चं फुटेज लावणं, आवाज चित्राशी जुळवणं, त्या फुटेजच्या डेटाचा बॅकअप सांभाळणं ही कंटाळवाणी कामं ज्याला बिनचूक जमतात, त्याला पुन्हा बोलावणं येतं. सिनेमा नसेल तेव्हा चॅनलचे प्रोमो, जाहिराती, वेब सीरिज, कंपन्यांच्या फिल्म आहेत. या धंद्यात थोडंफार स्थैर्य शोधायचं तर ते इथे आणि साउंडमध्ये. हिंदी सिनेमाच्या नावाजलेल्या एडिटर रेणू सलुजा यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला, म्हणजे एफटीआयआयला, अर्ज दिग्दर्शनासाठी केला होता. प्रवेश मिळाला एडिटिंगला. पुढे संकलनासाठी त्यांना चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

आणि एफटीआयआयचं नावही तुझ्या पत्रात नाही, याचं मला नवल वाटलं. साताऱ्याहून पुण्याला लाल गाडीने किती वेळ लागतो ते तुझ्या बाबांना विचार! लॉ कॉलेज रोडवर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झालेली ही सरकारी संस्था. तीन वर्षांच्या कोर्सला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, म्हणजे तुझं बीएस्सी पुरे. एडिटिंगची शाखा वेगळी आहे आणि फी तुझ्या त्या १५ लाखांच्या जवळपासही जात नाही. अडचणीही सांगते. प्रवेश परीक्षा अवघड, एकेका शाखेत जागा दहाच्या आसपास, आणि तीन वर्षांचे कोर्स रेंगाळल्याचा इतिहास आहे. कोलकात्याला सत्यजित राय यांच्या नावाची अशीच दुसरी सरकारी संस्था आहे, तिथेही अर्ज कर. अशा ठिकाणी खरी कमाई वर्गातली. तुझ्याबरोबर शिकलेला कॅमेरामन आणि साउंडवाला पुढची वीस वर्षं तुला काम सांगत राहतात.

डिग्रीचा कागद कुठेच लागत नाही असंही समजू नकोस. आकाशवाणी-दूरदर्शनची भरती, विद्यापीठांची मीडिया सेंटर, कॉलेजात शिकवणं, इथे मान्यताप्राप्त पदवी किंवा डिप्लोमा मागतात. म्हणून त्या मुंबईच्या संस्थेची डिग्री कुठल्या विद्यापीठाची आहे, ते लेखी घे. खासगी स्टुडिओत मात्र तुझं काम पाहतात.

माझं म्हणशील तर हे वर्ष कोर्सवर घालवू नकोस. फोटोग्राफरदादांचं काम चालू ठेव, दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती शिक, प्रवेश परीक्षेची तयारी कर. लग्नाचे नकोत, स्वतःचे दोन छोटे तुकडे कर, पाच-पाच मिनिटांचे. तुमच्या वाई-साताऱ्याकडे मालिकांची शूटिंग चालतात, तिथे डेटा सांभाळायला कुणी हवंय का याची चौकशी कर. महिनाभर सेटवर काढलास तर हे आयुष्य झेपतंय का ते कळेल. पुढे मुंबईत काम धरशील तेव्हा, रात्री दोनला शिफ्ट सुटली तर घरी सोडायची सोय काय, हे पहिल्याच दिवशी विचार. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

राहिले बाबा. त्यांना ‘हो’ म्हणालीस ती भीतीपोटी, हे त्यांना कळेल. फंडाला हात लावायचा नाही, एक वर्ष घरी राहून परीक्षा देते, एवढं सांग आणि वरचा हप्त्याचा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेव. जन्मभर तिकिटांचे पैसे मोजलेल्या माणसाला आकडे समजावून सांगायला लागत नाहीत. आईला मात्र आधी विश्वासात घे. ‘या आठवड्यात भरलेत तर सवलत’ म्हणून संस्थेचा फोन येईल, तेव्हा सीट बुक करायचे पैसेसुद्धा पाठवू नकोस. ते परत मिळवताना पुरेवाट होते.

— ताई