सरनामा, प्रास्ताविका की उद्देशिका?

एका शिक्षिकेने तीन प्रश्न एकदम विचारले आहेत. त्यांच्या शाळेत परिपाठाला राज्यघटनेचा सुरुवातीचा मजकूर म्हणतात. भिंतीवरच्या फलकावर ‘उद्देशिका’ लिहिलेले आहे, ज्येष्ठ सहकारी ‘सरनामा’ म्हणतात आणि छापील मजकुरात कधी ‘प्रास्ताविका’ही दिसते. यातला बरोबर शब्द कोणता? मजकुराच्या शेवटी ‘स्वतःप्रत’ येते, ते म्हणजे नेमके काय? आणि नववीतल्या एका मुलाने विचारले, “बाई, पंच्याहत्तर वर्षांपूर्वी लिहिलेले आता कालबाह्य नाही का झाले?” त्याला काय सांगायचे?

आधी नावाचे बघू. ‘सरनामा’ फारसीतून आला. सर म्हणजे डोके, नामा म्हणजे लिखाण. करारनामा, जाहीरनामा, पंचनामा ही सगळी त्याचीच भावंडे. पत्राच्या माथ्यावर किंवा पाकिटावर नाव-पत्त्याचा जो मजकूर असतो, तो सरनामा. जुन्या पिढीने हा शब्द घटनेच्या माथ्यावरच्या मजकुराला लावला आणि तो रुळला. बोलण्यात तो आजही खणखणीत वाटतो, त्याला चूक म्हणण्याचे काहीच कारण नाही. ‘प्रस्तावना’ किंवा ‘प्रास्ताविका’ म्हटले की पुस्तकाची प्रस्तावना डोळ्यांपुढे येते. ती बहुधा दुसऱ्या कोणी लिहिलेली असते, आणि वाचली नाही तरी पुस्तक अडत नाही. इथे तसे नाही. शासकीय मराठी पाठात ‘उद्देशिका’ आहे आणि मला तोच शब्द सर्वांत योग्य वाटतो, कारण या मजकुरात घटनेची ओळख करून दिलेली नाही, ती कशासाठी केली ते सांगितले आहे.

ही निवड केवळ आवडीनिवडीची नाही. हा मजकूर घटनेच्या आत की बाहेर, यावर आपल्याकडे कोर्टात वाद झालेला आहे. १९६० च्या बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो घटनेचा भाग नाही असे मत दिले. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठापुढे हा मुद्दा पुन्हा आला आणि उद्देशिका हा घटनेचाच भाग आहे असे ठरले. त्यासाठी संविधानसभेच्या कामकाजाचा आधार मिळाला. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी, सगळी कलमे संमत झाल्यावर, अगदी शेवटी उद्देशिका मताला टाकली गेली, आणि ठरावाचे शब्दच होते की ती संविधानाचा भाग व्हावी. वाचताना पहिली येते, पण संमत झाली शेवटी. आधी सगळे घर बांधून झाले आणि मग दारावर पाटी लागली, असे म्हणता येईल. आतल्या खोल्या कशा आहेत हे ठाऊक असलेल्यांनी ती पाटी लिहिली.

आता ‘कालबाह्य’. हा शब्द आपण फार सैल वापरतो. जुने ते कालबाह्य, असे नसते. ज्या कामासाठी एखादी गोष्ट केली ते काम संपले किंवा ते दुसऱ्या कशाने होऊ लागले, की ती कालबाह्य होते. या अर्थाने घटनेतल्या काही तरतुदी खरोखरच कालबाह्य झाल्या आणि काढल्याही गेल्या. संस्थानिकांच्या तनख्यांची हमी देणारे कलम १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने गेले. लोकसभेत आणि विधानसभांत अँग्लो-इंडियन सदस्य नेमण्याची तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली. कलमांना आयुष्य असते.

उद्देशिकेचे व्याकरण मात्र वेगळे आहे. मराठी पाठ नीट वाचा: ‘आम्ही, भारताचे लोक’ हा कर्ता. मग गणराज्य घडविण्याचा, न्याय, स्वातंत्र्य, समानता प्राप्त करून देण्याचा आणि बंधुता प्रवर्धित करण्याचा ‘संकल्पपूर्वक निर्धार करून’. आणि अगदी शेवटी क्रियापद, ‘अर्पण करत आहोत’. सगळा मजकूर मिळून एकच वाक्य आहे. भारतात न्याय आहे, समानता आहे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. ‘निर्धार’ हा त्यातला सर्वांत वजनदार शब्द आहे. निर्धार पाळतात किंवा मोडतात. ‘समानता अजून आली नाही, मग हे वाक्य काय कामाचे?’ असे म्हणणाऱ्याने वर्णन आणि निर्धार यांत गल्लत केलेली असते. त्या मुलाला मी आधी एवढेच सांगेन.

डॉ. आंबेडकरांना हे अंतर पुरते ठाऊक होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले होते की २६ जानेवारी १९५० ला आपण एका विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकणार आहोत. राजकारणात समानता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. म्हणजे ज्यांनी हे वाक्य घडवले, त्यांनी ते वास्तवाला धरून नाही हे स्वीकृतीच्या आदल्या दिवशीच सभागृहात सांगितले होते.

बाईंनी विचारले नाही, पण मजकूर समोर आहे तर हिंदी पाठ शेजारी ठेवून बघा. फार मौज आहे. हिंदीत ‘प्रतिष्ठा और अवसर की समता’ आहे आणि पुढे ‘व्यक्ति की गरिमा’. मराठीत ‘दर्जाची व संधीची समानता’ आणि पुढे ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’. एकच ‘प्रतिष्ठा’ हिंदीत समाजातल्या दर्जासाठी आली आणि मराठीत माणसाच्या अंगभूत मोलासाठी. आपल्याकडे ‘गावातले प्रतिष्ठित’ म्हणतात, तेव्हा कोणाला प्रतिष्ठा आहे आणि कोणाला नाही हे त्या शब्दातच गृहीत असते. उद्देशिकेतली प्रतिष्ठा मात्र प्रत्येक व्यक्तीची आहे. मैला उपसणाऱ्याचीही, फाशीची शिक्षा झालेल्याचीही. हा फरक मुलांना समजावून सांगायलाच हवा, नाहीतर मानमरातब असाच अर्थ त्यांच्या मनात बसतो.

‘समता’चेही तसेच. महाराष्ट्रात चळवळीने रुजवलेला शब्द ‘समता’. समता सैनिक दल, १९२८ चे ‘समता’ पत्र, आणि आजही घोषणा ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ हीच. तरी शासकीय मराठीत ‘समानता’ आले आणि हिंदीत ‘समता’ राहिली. मला ‘समता’ जास्त जवळची वाटते. दोन सारख्या वस्तूंत समानता असते, समतेत मात्र न्यायाचा भाव आहे. ‘राजनैतिक न्याय’ हे तर मला सरळ खटकते. रोजच्या मराठीत राजनैतिक म्हणजे परराष्ट्र व्यवहाराशी संबंधित. राजनैतिक अधिकारी म्हणजे वकिलातीतला माणूस. इथे अर्थ आहे राजकीय. वर्गात हे स्पष्ट करून सांगावे.

आणि ‘एकता आणि एकात्मता’. यातली ‘एकात्मता’ मूळ मजकुरात नव्हती. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ती आली, तिच्यासोबत ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ही. हिंदीत तिथे ‘अखंडता’ आहे. अखंडता नकाशाची असते आणि एकात्मता मनांची, म्हणून मराठीने इथे जास्त चांगला शब्द निवडला असे मी म्हणेन. ‘धर्मनिरपेक्ष’च्या जागी हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’ आहे, त्यावर स्वतंत्र चर्चा होऊ शकेल.

हे शब्द आणीबाणीत घातले गेले, हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. उद्देशिकेतली तारीख २६ नोव्हेंबर १९४९ चीच राहिली आणि शब्द सत्तावीस वर्षांनंतरचे आले, हेही खरे. संविधानसभेचे सदस्य के. टी. शहांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिल्या कलमात अशाच शब्दांची दुरुस्ती सुचवली होती. समाज कोणत्या पद्धतीने उभारायचा हे त्या त्या काळातल्या लोकांनी ठरवायचे असते, असे सांगून आंबेडकरांनी तिला विरोध केला होता. १९७८ मध्ये जनता सरकारने ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ या दोन शब्दांच्या व्याख्या घटनेत घालायचा प्रयत्न केला. लोकसभेत तो पार पडला, राज्यसभेत अडला. व्याख्या आजही नाहीत. पण धर्मस्वातंत्र्याची कलमे १९५० पासून आहेत, आणि केशवानंद खटल्यात सरन्यायाधीश सिक्री यांनी घटनेचे धर्मनिरपेक्ष स्वरूप तिच्या मूलभूत, म्हणजे संसदेलाही मोडता न येणाऱ्या, चौकटीत मोजले ते १९७३ साली, म्हणजे तो शब्द येण्याच्या तीन वर्षे आधी. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शब्दांना दिलेले आव्हान फेटाळले. शब्द उशिरा आला, आशय आधीपासून होता, असे माझे मत आहे.

या सगळ्या वादात ज्या शब्दाकडे कोणी बघत नाही तो म्हणजे ‘बंधुता’, आणि आजच्या घडीला मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ ला मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात न्याय होता, स्वातंत्र्य होते, समानता होती, बंधुता नव्हती. ती मसुदा समितीने घातली. २१ फेब्रुवारी १९४८ ला मसुदा सादर करताना आंबेडकरांनी पत्रात तसे नमूद केले आहे: ठरावात नसलेली बंधुता आम्ही घातली, कारण परस्परांतल्या सलोख्याची गरज आजच्याइतकी कधीच नव्हती. ती तारीख बघा. फाळणीची कत्तल नुकतीच होऊन गेलेली. गांधीजींच्या खुनाला तीन आठवडे झालेले. त्या खुनानंतर पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव ब्राह्मणांची घरे जाळली गेली होती. त्या दिवसांत हा शब्द कागदावर आला.

कोणी म्हणते, बंधुतेत बहिणी कुठे आहेत? आक्षेप समजण्यासारखा आहे. संस्कृतात ‘बंधु’ हा ‘बन्ध्’ धातूपासून आला, आणि त्याचा मूळ अर्थ नात्याने बांधलेला, आप्त. मराठीतही हा अर्थ पुसलेला नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात पत्र काढले, त्याचे नाव ‘दीनबंधु’. म्हणजे दीनांचा आप्त, त्यांच्या बाजूने उभा राहणारा. तोच अर्थ धरला तर उद्देशिकेतली बंधुता स्त्री-पुरुष सगळ्यांना कवेत घेते.

न्यायासाठी न्यायालये आहेत, स्वातंत्र्यासाठी मूलभूत हक्क आहेत, समानतेसाठी चौदाव्या कलमापासून पुढची कलमे आहेत. बंधुतेला असे हक्काचे कलम नाही. २५ नोव्हेंबरच्याच भाषणात आंबेडकर म्हणाले होते की बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता सहजपणे नांदू शकणार नाहीत, त्यांच्या अंमलबजावणीला पोलीस लागेल. आणि जाती राष्ट्रविरोधी आहेत, कारण त्या माणसे तोडतात. हे किती खरे आहे ते भाड्याने घर शोधणाऱ्या कोणालाही विचारा. फोनवर खोल्या किती, भाडे किती, सगळे ठरते. मग येतो तो प्रश्न, “आडनाव काय म्हणालात?” आणि आडनाव ऐकल्यावर घर अचानक पुतण्याला द्यायचे ठरलेले असते. यात कुठलाही कायदा मोडल्याचे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी (संस्थेचा अंतर्गत नियम) वैध ठरवला. संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्याच्या बाजूने त्यातला तर्क समजतो. पण सगळ्यांनीच तसे उपविधी केले तर शेजार नावाची गोष्ट उरेल का, हा प्रश्न मला सोडत नाही. कायद्याचा हात जिथे पोचत नाही तिथे उद्देशिका आपल्याकडून काही मागते, आणि ते मागणे १९४८ इतकेच आजही शिल्लक आहे. म्हणून ती कालबाह्य नाही.

राहिले ‘स्वतःप्रत’. यातला ‘प्रत’ म्हणजे कागदाची प्रत नव्हे. संस्कृत ‘प्रति’पासून आलेला हा जुना प्रत्यय आहे, अर्थ ‘कडे’ किंवा ‘ला’. ‘ध्येयाप्रत पोचणे’ आपण अजून म्हणतो. ‘स्वतःप्रत अर्पण’ म्हणजे स्वतःलाच देणे. ही शब्दयोजना आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेत आधी आली आहे. तिथेही लोक घटना स्वतःला देतात, मात्र तो मजकूर ख्रिस्ती धर्मातल्या पवित्र त्रिमूर्तीच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) नावाने सुरू होतो. आपल्याकडे संविधानसभेत ह. वि. कामत या सदस्यांनी १७ ऑक्टोबर १९४९ ला ‘ईश्वराच्या नावाने’ अशी सुरुवात सुचवली होती. देवाचा प्रश्न मतदानाला टाकू नका, अशी विनंती दुसऱ्या सदस्य पूर्णिमा बॅनर्जींनी केली. तरी मत घेतले गेले आणि ४१ विरुद्ध ६८ असा सूचनेचा पराभव झाला. त्यामुळे देणारे लोक, घेणारेही लोक, आणि वर साक्षीला कोणी नाही.

परिपाठात बहुतेक ठिकाणी मुले ‘स्वतः’ म्हणून थांबतात आणि ‘प्रत अर्पण’ एकत्र म्हणतात. त्याने अर्थ पार हरवतो. ‘स्वतःप्रत’ सलग म्हणायला लावावे, थोडा श्वास त्यानंतर घ्यावा. तसेच ‘आम्ही’ नंतर स्वल्पविराम आहे, तिथेही क्षणभर थांबावे. ‘आम्ही भारताचे लोक’ असे घाईने एका दमात म्हटले की कर्ता कोण ते कोणाच्याच लक्षात येत नाही.