एबीएसचा लाइट, बाहेरचा स्टिरिओ आणि ३४,२०० रुपयांचं एस्टिमेट

कराडच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ११ लाख ४० हजारांची गाडी, १६ महिने झाले, कंपनीची वॉरंटी ३ वर्षांची. दिवाळीत बाहेरच्या दुकानातून अँड्रॉइड स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा आणि फॉग लॅम्प बसवले, आता एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) लाइट लागलाय आणि सर्व्हिस सेंटर म्हणतंय बाहेरचं वायरिंग झालंय म्हणून इलेक्ट्रिकलची सगळी वॉरंटी गेली, ३४,२०० भरा. इमर्जन्सी फंडात ९० हजार आहेत, त्यातून भरू की ग्राहक आयोगात जाऊ, आणि ते १९,५०० ची एक्सटेंडेड वॉरंटी पण घ्या म्हणतायत ती घेऊ का?

ताई, आज पूर्ण ३४,२०० भरू नका.

तुम्ही एस्टिमेटचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, कारण भांडण सेन्सरचं आहे असं तुम्हाला वाटतंय पण पैसे तिथे नाहीयेतच. पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर ४,८०० चा आहे, पुढचा वायरिंग हार्नेस, म्हणजे पुढच्या भागातल्या वायरींचा अख्खा जुडगा, २३,५०० चा, बाकी ५,९०० लेबर आणि टॅक्स. म्हणजे विचारायला हवं ते हे की हार्नेस खराब आहे हे कुणी आणि कसं तपासलं? सेन्सरच्या वायरला मल्टिमीटर लावून कंटिन्युइटी, म्हणजे वायर मधे कुठे तुटलीय का, ते बघायला फार वेळ लागत नाही, आणि ते न करता कुणी अख्खा हार्नेस लिहून देत असेल तर त्याला मी अंदाज म्हणेन, निदान नाही.

हा सेन्सर चाकाच्या हबपाशी असतो, चाक किती वेगाने फिरतंय ते एबीएसला सांगतो. चिखल, पाणी, दगड, बेअरिंगची झीज, यातल्या कशानेही तो जाऊ शकतो. डॅशबोर्डमधल्या स्टिरिओचा त्याच्याशी थेट संबंध लावणं अवघड आहे. पण फॉग लॅम्पचं वेगळं, ती वायर पुढच्या बंपरकडून जाते आणि दुकानदाराने कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग) न वापरता वायर कापून जोड दिला असेल, किंवा रिले (जास्त करंटसाठीचा वेगळा स्विच) न टाकता लोड घेतला असेल, तर सर्व्हिस सेंटरच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं, हे मला तुम्हाला स्पष्ट सांगायलाच हवं.

आता वॉरंटी बुकलेट काढा आणि शब्द नीट वाचा. "बाहेरच्या पार्टमुळे झालेलं नुकसान कव्हर नाही" असं लिहिलंय की "बाहेरचा पार्ट बसवल्यास वॉरंटी रद्द" असं? बहुतेक ठिकाणी पहिलं असतं आणि काउंटरवर सांगितलं जातं दुसरं. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता, त्या आदेशात असंही होतं की बाहेर रिपेअर केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, त्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. त्यावर पुढे अपिलं झाली, आणि मुद्दा रिपेअरचा होता, ॲक्सेसरीचा नव्हे, त्यामुळे ते दाखवल्यावर उद्या लगेच गाडी फुकट नीट होईल असं समजू नका. पण तुमच्या पत्रात हाच तर्क यायला हवा, की अमुक जोडामुळे तमुक सेन्सर गेला हे दाखवा.

एक काम मात्र अजिबात करू नका, घाईघाईने स्टिरिओ आणि लॅम्प काढून टाकू नका. माझ्या एका क्लायंटने तेच केलं, मग सर्व्हिस सेंटर म्हणालं तुम्हीच वायरिंगशी छेडछाड केलीत, आणि त्या क्लायंटकडे मूळ जोडाचा एक फोटोसुद्धा नव्हता. आधी सगळ्या जोडांचे फोटो-व्हिडिओ काढा, फॉल्ट कोडची (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या बिघाडाची) प्रिंट मागा, आणि वॉरंटी का नाकारली ते ईमेलवर लेखी घ्या. मग चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून फक्त ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायच्या सॉकेटला) स्कॅनर लावून घ्या, काही उघडू देऊ नका. गाडी चालवताना लाइव्ह डेटात चारही चाकांचा वेग दिसतो, तीन चाकं ४० दाखवतायत आणि डावं पुढचं मधेच शून्यावर येतंय असं दिसलं तर त्याचा व्हिडिओ ठेवा. याला पाचशे-हजार गेले तरी जाऊ द्या.

मग पैशांचं. तुमचा घरखर्च ३८ हजार आणि ईएमआय १७,४०० म्हणजे महिन्याला ५५,४००. सगळं एस्टिमेट भरलं तर फंडात ५५,८०० उरतात, म्हणजे एकाच महिन्याची सोय, आणि तुमच्या घरात पगार एकच आहे. म्हणून मी म्हणतो आत्ता फक्त सेन्सर आणि त्याचं लेबर तेवढं द्या, वायर तपासून घ्या, आणि जॉब कार्डवर "हक्क राखून, हरकत नोंदवून पैसे भरले" असं लिहा. हे पण यासाठी की एबीएसचा लाइट लागलेला असताना साधा ब्रेक लागतो पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर चाक लॉक होऊ शकतं, आणि तुम्ही मुलीला घेऊन खंबाटकी घाटातून पुण्याला जाता. तिथे आयोगाच्या निकालाची वाट बघत बसायचं नाही. पाच हजारांची एसआयपी पण थांबवू नका, एवढ्या रकमेसाठी गरज नाही.

नुसता सेन्सर बदलून लाइट गेला तर हार्नेसचा विषयच संपला, आणि सेन्सर-लेबरसाठी भरलेल्या सहा-सात हजारांसाठी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका, खर्च काही नाही. हार्नेस खरंच लागला तर मात्र आयोगात जाण्यात अर्थ आहे. १० ते २० लाखांच्या वस्तूसाठी जिल्हा आयोगाची फी ४०० रुपये आहे, २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात म्हणजे साताऱ्यात केस टाकता येते, वकील सक्तीचा नाही, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. कायद्यात तीन ते पाच महिने लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, म्हणून ते पैसे लवकर परत येतील असं धरून काही प्लॅन करू नका. आणि केसमध्ये ॲक्सेसरीवाल्यालाही विरुद्ध पक्ष करा, चूक त्याच्या जोडाची निघाली तर तो जबाबदार आहे. पक्कं बिल नाही म्हणालात, पण यूपीआयचं पेमेंट आणि व्हॉट्सॲपवरचं कोटेशन आहे ना, ते जपून ठेवा.

एक्सटेंडेड वॉरंटी आत्ता नको. मूळ वॉरंटीचे २० महिने अजून बाकी आहेत, आणि जे लोक आज इलेक्ट्रिकलची वॉरंटी गेली म्हणतायत तेच त्याच गाडीसाठी पुढच्या दोन वर्षांची विकतायत, मग त्यांच्याकडून ईमेलवर विचारून घ्या की हे वायरिंग असताना इलेक्ट्रिकल क्लेम मिळेल का. हो असं लेखी आलं तर १९,५०० चा विचार करू, तोपर्यंत ते पैसे फंडातच राहू द्या.

लाइव्ह डेटाचा व्हिडिओ आणि त्यांचं ईमेल मिळालं की मला पाठवा, हार्नेसचं त्यावरून ठरवू.