ढोली आधी वाचवा, पेटी नंतर लावा

पक्ष्यांच्या घरट्यासाठी पेटी करण्याआधी झाड नीट बघा. ढोली असेल तर सिमेंटने बुजवू नका. आत ओल कोंडते आणि राहणाऱ्यांचं घरही जातं. वाळलेली फांदी कुणाच्या डोक्यावर पडण्यासारखी नसेल तर तशीच राहू द्या. बुरशीने गाभा पोखरून मोठी ढोली तयार व्हायला कित्येक दशकं लागतात. पेटी ही फक्त तात्पुरती सोय.

फळी किमान 20 मिमी जाड घ्या. पातळ प्लायवूडच्या पेटीत उन्हाळ्यात पिल्लं होरपळतात. आत कोण राहणार हे भोक ठरवतं. चिमणीला 32 मिमी पुरतं, त्याहून मोठं ठेवलंत तर मोठे पक्षी तिला हुसकावतात. बाहेर बसायला दांडी लावायचा मोह आवरा, ती शिकाऱ्याच्याच कामी येते. भोकाखालची आतली बाजू मात्र करवतीने खरवडा, कारण गुळगुळीत फळीवर पिल्लांना चढता येत नाही. तळाला 5-6 मिमीची चार छिद्रं पाडा. आतून रंग, वॉर्निश काही नको.

झाडाला खिळे ठोकण्यापेक्षा रुंद पट्टा बांधा आणि दरवर्षी सैल करा, नाहीतर खोड वाढून तो सालीत रुततो. पेटीचं तोंड दुपारच्या उन्हाकडे नको. साफसफाई वीण संपल्यावरच.