राजीनामा लिहायच्या आधी

अगं,

रात्री दीड वाजता टाकलेला तुझा मेसेज सकाळी वाचला आणि समोरचा चहा तसाच गार झाला. प्रोबेशन संपायच्या आत राजीनामा देणार म्हणतेस, तहसीलच्या बारनिशीत, म्हणजे अर्ज-टपालाच्या आवक-जावक टेबलावर, बसून डोकं गंजतंय, कादंबरी लिहायची तर सगळा दिवस आपला पाहिजे. तू चांगलं लिहितेस हे मी सांगत बसत नाही, ते तुलाही ठाऊक आहे म्हणून तर एवढी तडफड. मला एकच विचारायचंय. तुझी वेळ कुठली? रोजची, ठरलेली. एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये ती मला कुठे सापडली नाही.

नगीब महफूज तुला माहितीये, इजिप्तचा, 1988 चं नोबेल. पण हा माणूस 1934 ला कैरोच्या विद्यापीठातून फिलॉसॉफी घेऊन बाहेर पडला आणि त्याच विद्यापीठाच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागला, मग वक्फ म्हणजे धर्मादाय मालमत्तेच्या खात्यात गेला, मग संस्कृती खात्यात, आणि 1971 ला रिटायर झाला. सदतीस वर्षं सरकारी नोकरी, मधे एकदाही सोडली नाही. ऑफिसातून घरी आला की चार ते सात लिखाण, सात ते दहा वाचन, शुक्रवारी बंद. त्यात डोळ्यांची ॲलर्जी, एप्रिल ते सप्टेंबर लिहिणंच व्हायचं नाही, म्हणजे वर्षातले सहाच महिने हातात. त्या सहा महिन्यांतल्या तीन-तीन तासांतून ती कैरो त्रयी, तीन कादंबऱ्यांची, आली, हजारावर पानं, एकाच घरातल्या तीन पिढ्या. 1952 ला लिहून झाली तर प्रकाशक म्हणाला एवढं जाड बाड छापू कसं, आणि पुस्तकं निघायला 1956-57 उजाडलं. ती चार वर्षं घरात किराणा कशावर आला असेल, सांग बघू? सुरुवातीच्या कितीतरी कथांचा तर त्याला एक पैसा मिळाला नव्हता. पगार होता म्हणून तो कुणाला आवडेल असं लिहायच्या मागे लागला नाही. आणि वेळ ठरलेली होती म्हणून पगाराने त्याला खाल्लं नाही. हे दुसरं वाक्य परत वाच.

तू म्हणतेस बारनिशीत काय आहे, नुसते अर्ज. अगं, वक्फ खात्यात असताना तो काही काळ बिनव्याजी कर्जाच्या योजनेवर होता, जुन्या वस्तीतल्या गरीब बायका थोड्याशा पैशांसाठी यायच्या, तो त्यांच्याशी बोलत बसायचा. तुझ्या टेबलासमोर संजय गांधी निराधारच्या अर्जासाठी उभ्या राहतात त्या कोण आहेत? तू त्यांच्याकडे बघतेस की नुसता शिक्का मारतेस? त्याची नाईलवरच्या हाऊसबोटीची कादंबरी आहे ना, तिच्यात एक कारकून अख्खा रिपोर्ट लिहून साहेबाला देतो आणि पेनातली शाई कधीच संपलेली असते, पानं कोरी. हे ऑफिसात न बसलेल्याला सुचेल असं मला वाटत नाही.

आता तू म्हणशील सरकारात राहिलं की माणूस मिंधा होतो. हा आक्षेप खरा आहे, मी तो उडवून लावणार नाही. 1959 ला तो सेन्सॉरच्या खात्याचा प्रमुख होता आणि त्याच वर्षी ‘अल-अहराम’ या दैनिकात त्याची गल्लीतल्या मुलांची कादंबरी क्रमशः छापून येत होती, कैरोतल्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाच्या धर्मपंडितांनी तिच्यावर गदारोळ केला. इजिप्तमध्ये पुस्तक निघालं नाही, 1967 ला बैरूतमध्ये निघालं. तो गप्प राहिला, सरकारी नोकरीत राहिला. भित्रा होता म्हणतात काही जण. मला तसं वाटत नाही. त्याने भांडण केलं नाही पण लिखाणाची वेळही सोडली नाही, पुढची पुस्तकं येत राहिली, आणि मला विचारशील तर हेच जास्त अवघड आहे.

मला कसं कळतं विचार. माझीही वेळ होती. रात्री साडेनऊ ते अकरा, पोरं झोपली की. सहा वर्षं पाळली, 140 पानं झाली. मग खात्याची परीक्षा आली, म्हटलं एवढं वर्ष तात्पुरतं बंद ठेवू, मग प्रमोशन, मग मार्च एंड, मग सासूबाईंचं आजारपण. ते तात्पुरतं एकवीस वर्षं चाललं. महफूजने रिटायर झाल्यावर 1975 ला एक कादंबरी लिहिली, दप्तरखान्यातला कारकून, सगळं आयुष्य डायरेक्टर जनरल व्हायच्या ध्यासात घालवतो. मी ती दोनदा वाचायला घेतली आणि दोनदा खाली ठेवली. पण हेही सांगते, मी उगाच नाही थांबले. दोन्ही मुलांची शिक्षणं त्याच पगारावर झाली, घर झालं, कुणापुढे हात पसरावा लागला नाही, आणि नवऱ्याचं काम सुटलं ती तीन वर्षं कशी काढली ते मलाच माहीत. चुकले ते नोकरी करण्यात नाही चुकले. ते दीड तास दिले तिथे चुकले, ते कुणी मागितलेही नव्हते, मीच देऊन टाकले. म्हणून तू नोकरीला दोष देतेस ना तेव्हा मला राग येतो. नोकरी सोडून घरी बसलीस आणि वेळ ठरली नाही तर सगळा दिवस मोबाईलमध्ये जाईल, बघ तू.

ऑक्टोबर 1994 मध्ये, त्याच जुन्या कादंबरीपायी, एका तरुणाने घराबाहेर त्याच्या मानेत चाकू खुपसला. 82 वर्षांचा होता. वाचला, पण उजव्या हाताच्या नसा गेल्या. त्यानंतर दिवसाला काही मिनिटंच लिहिता यायचं. तर त्याने स्वप्नांसारखे छोटे छोटे तुकडे लिहिले, तेवढ्यात मावतील असे, 2006 ला जाईपर्यंत. आणि तू मला मूडचं सांगतेस.

तुमचं ऑफिस सव्वासहाला सुटतं. शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी, आम्हाला दुसरा-चौथा शनिवार तेवढा मिळायचा. रूमवर पोचायला तुला वीस मिनिटं लागतात, तूच म्हणाली होतीस. सात ते साडेआठ धर, किंवा पहाटे पाच, काहीही धर पण आज रात्री मला एक आकडा कळव. राजीनाम्याचा ड्राफ्ट पाठवलायस तो मी उघडलेला नाही. माझी 140 पानं काल कपाटातून काढली, वाळवी नाही लागलेली. साडेनऊला बसणार आहे मी, तेव्हा फोन करू नकोस, मेसेज टाक.

तुझी,
ताई