मीठप्रेमी सूक्ष्मजीव स्ट्रेसमध्ये जीन्स कशी कंट्रोल करतात? एमएस्सीला यावर प्रोजेक्ट घेऊ का?

घ्या, बिनधास्त घ्या. फक्त गाईड असा बघा ज्याला आर्किया (बॅक्टेरियासारखे दिसणारे, पण वेगळ्याच गटातले सूक्ष्मजीव) आणि बॅक्टेरियातला फरक कळतो.

मी सोलापुरातच एमएस्सी मायक्रो केलं. मंगळवार पेठेतून मिठागराचं जाडं मीठ आणलं आणि त्यातून हॅलोआर्किया, म्हणजे मीठप्रेमी आर्किया, वाढवले. मीडियात २५ टक्के मीठ, वर आपला उन्हाळा, आगर सुकून मिठाचे खडे धरायचे, म्हणून प्लेटा पॉलिथिनमध्ये गुंडाळून ठेवायच्या आणि आठवडेच्या आठवडे वाट बघायची. लालसर कॉलनी आल्या तेव्हा सगळ्या लॅबला ओढून आणून दाखवल्या. व्हायवाला बाहेरून आलेले सर म्हणाले, ग्रॅम स्टेन (पेशी रंगवून बघायची चाचणी) कर, नेहमीच्या पद्धतीनं. मी सांगतेय की सर, ॲसिटिक ॲसिडनं फिक्स करावं लागतं, साध्या पाण्यात या पेशी फुटतात. ऐकलंच नाही. स्लाईड कोरी निघाली तर म्हणे कल्चर मेलंय! मग मी त्यांच्यासमोरच सेंट्रिफ्यूज केलेल्या लाल गोळ्यावर डिस्टिल्ड वॉटर टाकलं, सगळं विरघळलं आणि लूप उचलला तर डीएनएची शेंबडासारखी तार लोंबत वर आली. तरी पुढचा प्रश्न काय, तर यात स्ट्रेसला कुठला सिग्मा फॅक्टर (बॅक्टेरियात जीन वाचायला सुरुवात करून देणारं प्रोटीन) चालतो? अहो, आर्कियात सिग्मा फॅक्टर नसतोच! मार्क कापले ते कापलेच.

तुमचं उत्तर तिथंच आहे. इथं ट्रान्स्क्रिप्शन, म्हणजे जीनवरून आरएनए बनवणं, सुरू करायला टीबीपी आणि टीएफबी ही प्रोटीन्स लागतात, आपल्या पेशींसारखं. हॅलोबॅक्टेरियम एनआरसी-१ (नावात बॅक्टेरियम असलं तरी हा आर्कियाच) चा जीनोम २००० साली आला, त्यात टीबीपीची ६ आणि टीएफबीची ७ जीन्स निघाली, म्हणजे जोड्या बदलून वेगवेगळे जीन्सचे गट चालवायची सोय. त्यावर आणखी रेग्युलेटर बसतात. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसला रॉसआर, ऑक्सिजन कमी पडला की बॅट, जो बॉप जीन चालू करतो, मग बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन तयार होतं आणि पेशी उजेडावर प्रोटॉन बाहेर फेकून एटीपी बनवते.

आणि मीठ जास्त म्हणजे स्ट्रेस हे आधी डोक्यातून काढा. यांच्या आत पोटॅशियम क्लोराईड ठासून भरलेलं असतं, प्रोटीन्स ॲसिडिक, मीठ उतरलं की घडी मोडते. म्हणून हॅलोफेरॅक्स व्होल्कॅनाय हा हॅलोआर्किया मीठ कमी केलं तरी हीट शॉकवाली चॅपरोन्स (प्रोटीनची घडी सांभाळणारी प्रोटीन्स) वाढवतो. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि पेपरात हॅलोआर्कियाचं नाव आलं, तेव्हा ते कात्रण त्या सरांना पाठवावं असं फार वाटलं.

हां, सगळेच मीठप्रेमी असे नसतात. हॅलोमोनास पक्का बॅक्टेरिया आहे, आत मीठ न भरता एक्टोइन (पेशीतलं पाणी टिकवणारा छोटा सेंद्रिय रेणू) साठवतो आणि त्याला सिग्मा फॅक्टरही असतात. त्यामुळे आयसोलेटचं (तुम्ही वेगळ्या केलेल्या सूक्ष्मजीवाचं) १६एस, म्हणजे ओळख पटवणाऱ्या जीनचं सिक्वेन्सिंग, आधी करून घ्या, बॅक्टेरिया निघाला तर वरचं टीएफबीचं सगळं बाजूला ठेवा.