स्पॅनिश पदवीचं पर्सनल स्टेटमेंट: तुमचे प्रश्न

ब्रिटनमध्ये स्पॅनिश शिकायला जायचं म्हणून यूकासचा (तिथल्या विद्यापीठांचे पदवीचे अर्ज एकत्र घेणाऱ्या संस्थेचा) अर्ज भरणाऱ्या ठाणे-नवी मुंबईकरांचे पर्सनल स्टेटमेंटबद्दल, म्हणजे अर्जात स्वतःबद्दल लिहायच्या मजकुराबद्दल, तेच ते प्रश्न येत राहतात. एकदाच उत्तरं देते.

किती लिहायचं? (विद्यार्थी, नेरुळ)
स्पेस धरून जास्तीत जास्त ४,००० अक्षरं. शब्द नव्हेत.

सुरुवात स्पॅनिशमधून केली तर छाप पडेल ना? (विद्यार्थिनी, कोपरी)
नाही. इंग्रजीतच लिहा.

नौपाड्यातले एक सल्लागार तयार स्टेटमेंट देतात, प्रवेशाची हमीही देतात. घ्यावं का? (पालक, पाचपाखाडी)
मुळीच नको. यूकास प्रत्येक स्टेटमेंट सॉफ्टवेअरने जुन्या स्टेटमेंट्सशी ताडून पाहते आणि फार साम्य दिसलं तर तुम्ही निवडलेल्या विद्यापीठांना कळवते. मग ती हमी कुठे शोधायची? चॅटबॉटचा मजकूर स्वतःचा म्हणून पाठवणं हीसुद्धा फसवणूक ठरू शकते. शिवाय २०२६च्या प्रवेशापासून सलग निबंध बंद झालाय. आता तीन प्रश्न असतात: हा विषय का, शिक्षणातून काय तयारी झाली, शिक्षणाबाहेर काय केलं. प्रत्येकी किमान ३५० अक्षरं. तरी या 'तयार' मजकुरांत अजून तोच निबंध आणि तीच 'लहानपणापासून स्पॅनिश संस्कृतीची ओढ'! घोडबंदर रोडवर वाढलेल्या पोराला ती कुठे लागली, हे मात्र कुणी लिहीत नाही. 'मला कॉफी आवडते' हे वाक्य स्पॅनिशमध्ये जवळपास मराठीसारखंच बांधतात, कॉफी कर्ता आणि आवडणारा 'मला'. इंग्रजीत तसं नाही. असं काही मुलाला स्वतःला दिसलं असेल, तर तेच लिहू द्या. मोडकंतोडकं असलं तरी चालेल, भाषा शिक्षकांकडून तपासून घेता येते.

स्पॅनिश मालिका पाहते, ते लिहू का? (विद्यार्थिनी, वाशी)
यादी नको. माद्रिद आणि ब्वेनोस आयरेसच्या बोलीतला फरक कानाला जाणवला असेल, तर तो लिही.

मुलीने शाळेत स्पॅनिश घेतलं नव्हतं. डेले, म्हणजे स्पॅनिशच्या प्रमाणपत्राची परीक्षा, द्यावीच लागेल का? (आई, ऐरोली)
अनेक विद्यापीठं नवशिक्यांना घेतात, सगळी नाही. कोर्सचं पान वाचा आणि प्रवेश विभागाला ईमेल करा. क्लासवाल्यांना विचारलंत, तर उत्तर 'हो' असंच येणार.

दिवाळीनंतर लिहायला घेतलं तर? (विद्यार्थी, कळवा)
ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबरलाच संपते. इतरांची जानेवारीच्या मध्यापर्यंत असते, पण शिफारसपत्र कॉलेजकडून लागतं आणि दिवाळीत कॉलेज बंद. सरांना या आठवड्यातच भेट.